इंजिनकाम झालं, तरी ऑईलचा दिवा का लागतो?

शिर्डी–शिंगणापूर फेऱ्या मारणाऱ्या ड्रायव्हर लोकांचा हा नेहमीचा प्रश्न.

दिवा लागला की आधी इंजिन बंद. ऑईलची पातळी बघा. मग प्रेशर स्विच काढून तिथे काट्याचं गेज लावा. स्विच खोटं बोलतो, गेज सहसा नाही.

थंड असतानाच दाब नसेल तर मी चेंबर खोलतो: जाळीत गॅस्केटचं जास्तीचं सिलिकॉन अडकतं, सक्शन पाईप हवा ओढतो, नाहीतर रिलीफ व्हॉल्व्ह उघडाच अडकतो.

थंड असताना ठीक, गरम झाल्यावर स्लोला दाब पडतो? मग बेअरिंगचा गॅप मोजा. क्रँक 0.25 मिमी घासून बेअरिंग स्टँडर्डच टाकली, तर ऑईल बाजूने निसटणारच, शिवाय इंजिन ठोकेल ते वेगळंच. जाड ऑईल ओतून दिवा विझतो हो, पण बेअरिंग झिजतच राहते.