सुकलेले अंथरूण पुन्हा ओले होते तेव्हा

नऊ-दहा वर्षांचे मूल. अंथरूण ओले होण्याचे दिवस केव्हाच मागे पडलेले. नैराश्य, अतिचिंता किंवा मंत्रचळ यांसाठी मनोविकारतज्ज्ञांनी गोळी सुरू केली. मूल हळूहळू सावरू लागले, आणि एके सकाळी चादर ओली निघाली. अशा वेळी आपल्या मनात प्रथम काय येते? शाळेचा ताण, आळस, फार तर हट्ट. गोळीचा संशय सहसा येत नाही. कारण ती मनावरची, आणि लघवी ही शरीराची बाब, अशी वाटणी आपण करून ठेवलेली असते.

फ्लुओक्सेटीन, सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम, फ्लुवोक्झामिन ही औषधे ज्या गटात मोडतात, त्याला एसएसआरआय म्हणतात. मज्जापेशींमधील सेरोटोनिन या रसायनाचा प्रभाव ती वाढवतात. सेरोटोनिनचा वावर मेंदूपुरता नसतो. आतड्यांवर आणि मूत्राशयाचे नियंत्रण करणाऱ्या मज्जातंतूंवरही त्याचा अंमल चालतो. शिवाय ही औषधे झोपेची घडण बदलतात. हा दुष्परिणाम सर्रास आढळणारा नव्हे. तथापि वैद्यकीय नियतकालिकांत अशा मुलांच्या नोंदी आहेत. औषध सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर अंथरूण ओले होऊ लागले, आणि मात्रा घटवल्यावर वा औषध बदलल्यावर ते थांबले, असा त्यांतील क्रम दिसतो.

गंमत अशी, की इमिप्रामिन हे नैराश्यावरील जुने औषध 1960 पासून नेमके अंथरूण ओले करणाऱ्या मुलांनाच दिले जाऊ लागले. म्हणून ‘नैराश्यावरच्या गोळीने उलट ही सवय सुटते’ असे कोणी सांगितले, तर त्यात तथ्यांश आहे. पण ते औषध निराळ्या गटातले. चुकून जास्त पोटात गेल्यास ते हृदयाची लय बिघडवते, म्हणून घरात जुनी पट्टी उरली असेल, तर ती मुलांच्या हाती लागू देऊ नये.

खरा धोका ओल्या चादरीत नाही, तो लपवालपवीत आहे. मूल चादर गुंडाळून खाटेखाली सारते, मामाकडे मुक्कामाला जायचे टाळते, आणि ‘गोळीने असे होते’ हे उमगले की ती गुपचूप थुंकून टाकते. कधी पालकच कोणाला न सांगता औषध बंद करतात. एकाएकी बंद केल्याने चक्कर, मळमळ, चिडचिड, निद्रानाश उद्भवू शकतो, आणि मूळ आजार उलटण्याची भीती असतेच. लहान व किशोरवयीन मुलांमध्ये या औषधांमुळे आत्महत्येचे विचार वाढू शकतात, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2004 मध्ये दिला. सुरुवातीचे आठवडे आणि मात्रेतील प्रत्येक बदल हे विशेष लक्ष ठेवण्याचे काळ होत. हा बदल आपल्या मनाने करावयाचा नाही, तो याचसाठी.

मग करावे काय? एका वहीत तारखा मांडा: गोळी कधी सुरू झाली, मात्रा कधी वाढली, कोणत्या रात्री अंथरूण ओले झाले. ही वही घेऊन डॉक्टरांना भेटा. ते मात्रा कमी करतील, घेण्याची वेळ बदलतील किंवा दुसरे औषध निवडतील. रिस्पेरिडोन किंवा व्हॅल्प्रोएट चालू असल्यास तेही सांगा. त्यांनीही असे होऊ शकते.

मात्र सगळा दोष गोळीच्या माथी मारून मोकळे होऊ नका. बद्धकोष्ठता, लघवीतील जंतुसंसर्ग, मोठे घोरणे, शाळेतील छळ यांचीही चौकशी व्हावी. मूल सारखे पाणी मागत असेल, वारंवार लघवीला जात असेल, वजन उतरत असेल, तर रक्तातील साखर त्याच दिवशी तपासून घ्या. तो मधुमेह असू शकतो.

आजीच्या तीळगुळाला हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर डॉक्टरांकडे जाणे लांबवू नये. पाणी दिवसा भरपूर द्या, संध्याकाळनंतर कमी. तहानलेले मात्र ठेवू नका. गादीवर मेणकापड अंथरा, चादर बदलताना भावंडांसमोर वाच्यता करू नका. आणि मुलाला स्पष्ट सांगा, की हे बहुधा औषधामुळे होत आहे, तुझ्या हातात नाही, आणि डॉक्टरांना आपण दोघे मिळून सांगणार आहोत. शाळेची मुक्कामी सहल जवळ आली असेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याआधीच भेट ठरवा.