कंपनी फिटेड की बाहेरून?

आमच्या हॉस्टेलवर तीन विषय कधीच संपत नाहीत. मेसची भाजी, केटी लागलेला पेपर आणि गाडी. पहिल्या दोन विषयांवर सगळ्यांचं एकमत असतं, त्यामुळे भांडण होतं ते तिसऱ्यावरच. गेल्या सेमिस्टरला सबमिशनच्या आदल्या रात्री आमच्याकडे असाच वाद झाला. एकीचं म्हणणं, "टर्बो व्हेरियंटला जास्तीचे दीड-दोन लाख कशाला द्यायचे? साधी गाडी घे आणि बाहेरून रीमॅप मार!" दुसरी म्हणाली, "कंपनी फिटेड ते कंपनी फिटेड." मेकॅनिकलची म्हणून निकाल द्यायला मला बोलावलं. मी त्या रात्री गप्प बसले, कारण या प्रकरणात आमच्याच घरचा एक किस्सा आहे आणि तो फारसा अभिमानाचा नाही. तो आज सांगते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर मराठी विभागाच्या सरांनी आणि वाचकांनीही सांभाळून घ्यावं!

दादाचा बॉक्स

आमच्याकडे २०१३ ची सेकंडहँड डिझेल हॅचबॅक आहे. इंजिन १.३ लिटर मल्टिजेट. फियाटचं हे इंजिन मारुती, टाटा आणि खुद्द फियाट अशा सगळ्यांच्या गाड्यांत होतं, म्हणून गाडीवाले गमतीने त्याला 'नॅशनल इंजिन' म्हणत. आमच्या गाडीची ताकद ७५ हॉर्सपॉवर आणि टॉर्क १९० न्यूटन-मीटर. गाडी बरी होती, पण दादाला ती 'मरतुकडी' वाटायची. त्याने कुठूनतरी बारा हजारांचा एक ट्यूनिंग बॉक्स आणला. विकणारा म्हणाला होता, टॉर्क २५ टक्के वाढेल. बसवायला दहा मिनिटं लागली. एक सॉकेट काढायचं, मध्ये बॉक्स लावायचा, बस्स.

खरं सांगते, पहिल्या दिवशी मजा आली. हायवेला ओव्हरटेक करताना गाडी चक्क पळायला लागली. मागून जरा काळा धूर यायचा, तिकडे आम्ही काणाडोळा केला. पीयूसीच्या वेळी दादा बॉक्स काढून खिशात ठेवायचा.

मग दिवाळीत आजीला चिपळूणला आत्याकडे सोडायला आणि चार दिवसांनी परत आणायला गेलो. कराडकडे परतताना पोफळी सोडलं की कुंभार्ली घाट चढावा लागतो. गाडीत पाच माणसं, डिकीत आत्याने दिलेला नारळ-तांदूळ. अर्ध्या घाटात दादाने एका ट्रकला ओव्हरटेक करायला तिसऱ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर दाबला. इंजिनचा आवाज वाढला, आरपीएमचा काटा वर गेला आणि गाडी मात्र हळू झाली! शेजारी ट्रक, समोर वळण आणि गाडीत ताकदच नाही. ट्रकवाल्याने ब्रेक मारून आम्हाला आत घेतलं, म्हणून हा लेख लिहिते आहे. बाजूला थांबलो तेव्हा जळका वास सुटला होता. आजी एवढंच म्हणाली, "काहीतरी करपलं रे."

करपला होता क्लच. दादाने तिथेच बॉक्स काढला, तासभर गाडी थंड केली आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगत घाट चढलो. दुसऱ्या दिवशी गॅरेजच्या मिस्त्रींनी क्लच प्लेट हातात दिली. काळी-निळी पडलेली. म्हणाले, "ताई, इंजिनाला खुराक दिला, क्लचला कोण देनार?" मशीन डिझाइनचं अख्खं युनिट त्यांनी एका वाक्यात सांगितलं होतं.

नेमकं झालं काय?

आता थोडं इंजिनिअरिंग. नॉन-मेकॅनिकलवाल्यांनी घाबरू नये.

कॉमन रेल डिझेलमध्ये पंप एका जाड नळीत, म्हणजे रेलमध्ये, डिझेल प्रचंड दाबाखाली भरून ठेवतो. रेलवरचा सेन्सर हा दाब मोजून ईसीयूला कळवतो. आमच्यासारखा स्वस्त बॉक्स या सेन्सरच्या मध्ये बसतो आणि ईसीयूशी खोटं बोलतो. दाब आहे त्यापेक्षा कमी आहे असं सांगतो. बिचारा ईसीयू दाब वाढवतो, इंजेक्टर तेवढ्याच वेळात जास्त डिझेल सोडतो. ताकद वाढते ती अशी. पण हवा त्या प्रमाणात वाढलेली नसते. जास्त डिझेल पुरेशा हवेशिवाय जळलं की काळा धूर येतो आणि एक्झॉस्टचं तापमान चढतं. त्याचा मार टर्बो आणि पिस्टनला बसतो.

आता क्लच. क्लच किती टॉर्क पेलणार हे तीन गोष्टींवर ठरतं: घर्षण, स्प्रिंगचा दाब आणि प्लेटची त्रिज्या. मूळ टॉर्क १९०. विकणाऱ्याचे २५ टक्के खरे धरले, तर साधारण २३७. प्लेट तीच, स्प्रिंग तेच, वरून सत्तर हजार किलोमीटर झिजलेले. घाटात पूर्ण लोडवर प्लेट घसरायला लागली. घसरली की गरम होते, गरम झाली की घर्षण कमी होतं, घर्षण कमी झालं की आणखी घसरते. हे चक्र सुरू झालं की अॅक्सिलरेटर दाबून उपयोग नाही, उलट वाढतं.

कंपनी तेच काम कसं करते?

गंमत म्हणजे याच १.३ मल्टिजेटची ९० हॉर्सपॉवर आणि २०० न्यूटन-मीटरची आवृत्ती कंपन्यांनी स्वतः विकली. ती काही गाड्यांत एप्रिल २०२० च्या बीएस-सहा नियमांपर्यंत मिळत होती. कंपनीने काय केलं? नुसतं डिझेल वाढवलं नाही, टर्बोच बदलला. साध्या टर्बोऐवजी व्हेरिएबल जॉमेट्री टर्बो लावला. त्यात एक्झॉस्टच्या वाटेतली पाती फिरतात. कमी आरपीएमला वाट अरुंद करून टर्बो लवकर फिरवतात, जास्त आरपीएमला वाट मोकळी करतात. म्हणजे आधी हवेची सोय, मग डिझेल. आणि लक्षात घ्या, एवढं करून कंपनीने टॉर्क किती वाढवला? फक्त १०! आमचा बॉक्सवाला ४७ देत होता.

पेट्रोलमधलं माझं आवडतं उदाहरण आपल्या पुण्याजवळच्या रांजणगावचं आहे. तिथे बनलेली फियाट अबार्थ पुंटो २०१५ मध्ये ९.९५ लाखांना (दिल्ली एक्स-शोरूम) आली. तिचं १.४ लिटर टी-जेट टर्बो इंजिन लिनिआ गाडीत ११४ हॉर्सपॉवर द्यायचं, अबार्थमध्ये १४५. वाचणाऱ्याला वाटेल, हा तर कंपनीने मारलेला रीमॅप! पण त्याबरोबर चारही चाकांना डिस्क ब्रेक, १६ इंची व्हील आणि खाली आणलेलं, घट्ट सस्पेन्शन होतं. ताकदीबरोबर थांबायची आणि वळायची सोय केली होती.

उलट २०२१ ची ह्युंदाई आय-२० एन लाइन पाहा. इंजिन साध्या टर्बो आय-२० चंच, १२० हॉर्सपॉवर. एकही घोडा वाढवला नाही! बदललं ते सस्पेन्शन, स्टीअरिंग, एक्झॉस्टचा आवाज आणि मागे डिस्क ब्रेक. आमच्या विंगमध्ये यावर "मग पैसे कशाचे घेतात?" असं विचारलं जातं. मला वाटतं, पैसे तेच घेण्यासारखे आहेत.

कंपनी ताकद 'लपवून' का ठेवते?

रीमॅपवाल्यांचं आवडतं वाक्य म्हणजे "कंपनीने इंजिन दाबून ठेवलंय." हे अर्धं खरं आहे. मॅप म्हणजे ईसीयूमधले तक्ते. इतका आरपीएम, इतका लोड, तर इतकं इंधन, स्पार्क इतका आधी, टर्बोचा दाब इतका. या आकड्यांत कंपनी नक्कीच जागा सोडते. पण ती जागा कोणासाठी? मे महिन्यात विदर्भात एसी लावून चालणाऱ्यासाठी, भेसळीचं इंधन मिळालेल्यासाठी, ऑइल बदलायला दोन हजार किलोमीटर उशीर करणाऱ्यासाठी. आपण सेकंड इयरला जो फॅक्टर ऑफ सेफ्टी पाठ करतो, तोच हा. रीमॅप म्हणजे त्या राखीव रकमेतून उचल. उचल करायला हरकत नाही, पण आपण ऑइल वेळेवर बदलणारे आहोत का, हे आधी स्वतःला विचारावं.

आणखी एक. टर्बो नसलेल्या इंजिनला रीमॅपने फारसं काही मिळत नाही. सिलिंडरमध्ये जाणारी हवा ठरलेली, ती सॉफ्टवेअरने कशी वाढणार? आमच्या वादातली "साधी गाडी घे आणि रीमॅप मार" ही योजना इथेच बाद होते. टर्बोमध्ये दाब वाढवता येतो, म्हणून तिथे फरक दिसतो. पण पेट्रोलमध्ये दाब वाढला की नॉकिंगचा धोका वाढतो, म्हणजे मिश्रण नको तेव्हा पेटतं आणि पिस्टनवर घण बसतात.

कागदपत्रांची बाजू

हा भाग कंटाळवाणा आहे, पण सगळ्यात महाग पडतो. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं, की कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलाशी आरसी बुकातली नोंद जुळणार नाही असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने हेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. बाहेरून सीएनजी किट बसवता येतं, पण ते मान्यताप्राप्त किट असावं लागतं आणि आरसीवर नोंद करावी लागते.

कंपनीची गाडी विक्रीला येण्याआधी पुण्याच्या वेताळ टेकडीवरच्या एआरएआयसारख्या संस्थेत तपासली जाते. धूर, ब्रेक, आवाज सगळं. ते प्रमाणपत्र त्याच मॅपचं आणि त्याच सायलेन्सरचं असतं. वॉरंटीतल्या गाडीला रीमॅप मारला आणि पुढे टर्बो गेला, तर कंपनी हात वर करू शकते. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल अपघातानंतर सर्व्हेअरला सापडला, तर क्लेम अडकू शकतो. म्हणजे कंपनी फिटेडचे जास्तीचे पैसे हे पार्टचे कमी आणि 'बिघडलं तर जबाबदार कोण' याचे जास्त असतात.

मग बाहेरचं सगळं वाईट?

अजिबात नाही. माझ्या मते बाहेरून करायच्या कामांचा क्रम असा असावा:

१) टायर. गाडीचा रस्त्याशी संबंध फक्त चार तळव्यांएवढ्या जागेतून येतो. बाहेरचा व्यास जवळपास तोच राहील असं पाहा. १६५/८० आर १४ चा व्यास सुमारे ६२० मि.मी., १८५/७० आर १४ चा सुमारे ६१५. फरक एक टक्क्याच्या आत. जास्त फरक पडला की स्पीडोमीटर खोटं बोलतो. साइज कंपनीने त्या मॉडेलला दिलेल्यांपैकी असली तर उत्तम.

२) ब्रेक. चांगले पॅड, वेळेवर ब्रेक ऑइल. ८० चा वेग १०० केला तर गतिज ऊर्जा ५६ टक्क्यांनी वाढते, आणि ती सगळी उष्णता ब्रेकमध्येच जाते.

३) झिजलेले शॉक अॅब्सॉर्बर आणि बुश. जुनी गाडी 'मरतुकडी' वाटते ती पुष्कळदा इथे.

४) सर्व्हिस. एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, इंजेक्टर. बॉक्स काढल्यावर आम्ही हे केलं आणि दादाने स्वतः कबूल केलं, की निम्मी पळापळ परत आली.

आणि मग पाचव्या नंबरवर रीमॅप. तोही डायनोवर गाडी चढवून आधी आणि नंतरचा आलेख दाखवणाऱ्याकडून. जो ट्यूनर पैशांच्या आधी "क्लच किती चाललाय?" हे विचारतो, तो चांगला. जो दहा मिनिटांत सॉकेट लावून देतो, त्याला लांबूनच नमस्कार!

शेवटी

त्या घाटाचा हिशोब सांगते. बॉक्स बारा हजार, क्लचचं काम साडेआठ हजार, आणि बाबांचे तीन आठवडे न बोलणं. बॉक्स मी हॉस्टेलवर आणला आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या मैत्रिणीबरोबर लॅबमध्ये उघडला. आत दोन-चार रेझिस्टर आणि एक लहानशी चिप. बारा हजारांचं खोटं बोलायचं मशीन!

आता बाबा गाडी बदलायचं म्हणताहेत. परवा फोनवर त्यांनी पहिल्यांदाच दादाऐवजी मला विचारलं, "बाळा, साधी घेऊ की टर्बो?" मी म्हटलं, "बाबा, वर्षातून किती वेळा घाट चढतो आणि गाडीत किती माणसं असतात ते मोजा. घाट आणि पाच माणसं नेहमीची असतील तर टर्बो घ्या, कंपनीची. नाहीतर साधी घ्या आणि उरलेल्या पैशांतून चार चांगले टायर. पण साधी घेऊन तिला बाहेरून टर्बोसारखी पळवायची नाही."

पलीकडून आजीचा आवाज आला, "कुठलीही घ्या, पण करपणारी नको."

विंगमधल्या वादावर माझा निकालही तोच.