नवनगर : दोन शहरांमधील एक वसाहत

ज्या गावात आपण राहतो त्या गावाची सीमा कोठे संपते आणि त्याचा कारभार कोण पाहतो, हे प्रश्न साधे वाटतात. परंतु शहरालगतच्या नव्या वसाहतींत त्यांची उत्तरे चटकन देता येत नाहीत. आपल्या शेजारच्या कर्नाटक राज्यातील हुबळी-धारवाड या जुळ्या शहरांमधील नवनगर ही अशीच एक वसाहत होय. तिची भौगोलिक स्थिती, लोकसंख्या आणि तेथील स्थानिक स्वराज्याची व्यवस्था यांचा परिचय सांगली-मिरजेसारख्या आपल्याकडील जोडशहरांतील नागरिकांना, तसेच शहराच्या वाढीत ज्यांची गावे येत आहेत अशा ग्रामस्थांनाही उद्बोधक ठरेल.

भूरचना आणि पाणी

हुबळी आणि धारवाड या शहरांमध्ये सुमारे २० किलोमीटरचे अंतर आहे. त्यांना जोडणाऱ्या जुन्या पुणे-बंगळूर रस्त्यावर, हुबळीच्या बाजूस अधिक, नवनगर वसलेले आहे. उणकल, भैरिदेवरकोप्प, अमरगोळ, रायापूर, सत्तूर, नवलूर ही त्या पट्ट्यातील मूळची खेडी. उणकल येथील चंद्रमौळेश्वराचे चालुक्यकालीन मंदिर आणि अमरगोळची शंकरलिंग व बनशंकरी यांची मंदिरे या खेड्यांच्या प्राचीनतेची साक्ष देतात. नवलूरचे पेरू आजही प्रसिद्ध आहेत. नाव नवनगर असले तरी त्याच्या सभोवारची भूमी जुनी आहे.

धारवाड हे मलनाड आणि पठारी मैदान यांच्या सीमेवर वसलेले आहे. पश्चिमेस सह्याद्रीकडे तांबडी माती व अधिक पाऊस, तर हुबळीच्या पूर्वेस कापसाची काळी जमीन, असा बदल थोड्याच अंतरात दिसून येतो. हा प्रदेश जलविभाजकावर आहे. धारवाडजवळ उगम पावणाऱ्या शाल्मलेचे पाणी बेडती-गंगावळीच्या रूपाने अरबी समुद्रास मिळते. पूर्वेकडे वाहणारे ओढे बेण्णीहळ्ळ व मलप्रभेतून कृष्णेस आणि अखेर बंगालच्या उपसागरास जातात.

जलविभाजकावरील गावास जवळ मोठी नदी नसते. त्यामुळे या जुळ्या शहरांना पाणी दुरून आणावे लागले. कलघटगी तालुक्यातील नीरसागर जलाशय पावसावर अवलंबून असल्याने पुढे सौंदत्तीजवळच्या मलप्रभा जलाशयाचा आधार घ्यावा लागला. यल्लम्माच्या यात्रेस जाणाऱ्या आपल्याकडील भाविकांनी हा जलाशय पाहिलेला असेल. चोवीस तास पाणीपुरवठ्याचा प्रयोग २००८ च्या सुमारास बेळगाव व गुलबर्गा यांच्याबरोबर येथील काही प्रभागांतही करण्यात आला.

बरोपासून महानगरपालिकेपर्यंत

१८५० च्या कायद्यानुसार हुबळीस १८५५ मध्ये आणि धारवाडास १८५६ मध्ये नगरपालिका स्थापन झाली. हा भाग त्या वेळी मुंबई इलाख्यात होता. १९२५ च्या कायद्याने इलाख्यातील मोठ्या नगरपालिकांना ‘बरो म्युनिसिपालिटी’ हा दर्जा देण्याची तरतूद केली. वडीलधाऱ्या मंडळींच्या बोलण्यात हा शब्द अद्याप ऐकू येतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेनंतर धारवाड जिल्हा तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला आणि १९६२ मध्ये दोन्ही शहरे मिळून एक महानगरपालिका अस्तित्वात आली. हुबळी व्यापाराची आणि रेल्वेची, धारवाड शिक्षणाचे व संगीताचे. अशा भिन्न प्रकृतीच्या दोन शहरांना एका कारभाराखाली आणण्याचा तो प्रयोग होता. महाराष्ट्रात सांगली, मिरज व कुपवाड यांचे एकत्रीकरण १९९८ मध्ये झाले, हे येथे आठवते.

दोन शहरे कागदावर एक झाली तरी मधली मोकळी जमीन भरून आल्याशिवाय ती प्रत्यक्षात जोडली जात नाहीत. नवनगराचे महत्त्व येथेच आहे. पोलीस आयुक्तालय, कर्करोग उपचार व संशोधन संस्था आणि २००९ मध्ये स्थापन झालेले राज्य विधी विद्यापीठ या संस्था नवनगरात असल्याने दोन्ही शहरांतील लोकांचे तेथे जाणे-येणे असते. २०१८ मध्ये सुरू झालेली ‘चिगरी’ ही जलद बससेवा स्वतंत्र मार्गिकेवरून नवनगरातूनच जाते.

लोकसंख्या

महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या १९९१ मध्ये सुमारे ६ लाख ४८ हजार, २००१ मध्ये ७ लाख ८६ हजार, तर २०११ मध्ये ९ लाख ४३ हजारांवर होती. म्हणजे दर दहा वर्षांत पाचव्या हिश्श्याहून अधिक वाढ झाली. २०११ च्या गणनेनुसार धारवाड जिल्ह्याच्या सुमारे साडेअठरा लाख लोकांपैकी निम्म्याहून अधिक लोक या एका महानगरपालिकेत राहत होते. २०२१ ची जनगणना ठरल्या वेळी होऊ न शकल्याने त्यानंतरच्या वाढीचा अंदाज घरे, नळजोड व मतदारयाद्या यांवरूनच करावा लागतो.

कारभार कोणाचा?

नवनगरास स्वतःची नगरपालिका नाही. तो महानगरपालिकेचा एक भाग असून तेथील मतदार आपल्या प्रभागाचा नगरसेवक निवडतात. २०२१ ची निवडणूक ८२ प्रभागांसाठी झाली. २०११ ची लोकसंख्या धरली तर एका नगरसेवकामागे सरासरी साडेअकरा हजार लोक येतात. महापौराची निवड सभागृहात एका वर्षासाठी होते. प्रशासनाचा प्रमुख आयुक्त हा राज्य शासनाने नेमलेला अधिकारी असतो.

याउलट अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात ‘बरो’ या नावाच्या सुमारे साडेनऊशे छोट्या नगरपालिका आहेत. आपल्याकडून लोपलेला हा शब्द तेथे रूढ आहे. दोन-तीन हजार वस्तीच्या गावासही तेथे स्वतंत्र महापौर आणि साधारणतः सात सदस्यांचे मंडळ असते. प्रतिनिधी दारात भेटतो, हा या पद्धतीचा लाभ होय. तथापि एवढ्या लहान गावास स्वतःचे पोलीस, रस्ते व मलनिस्सारण यांचा खर्च पेलणे कठीण जाते आणि शेजारच्या गावांशी भागीदारी करावी लागते. मोठ्या महानगरपालिकेस दूरच्या धरणातून पाणी आणता येते. मात्र तिच्या कार्यालयापर्यंत पोहोचणे एका वसाहतीतील नागरिकास सोपे नसते.

शिवाय सर्व सेवा महानगरपालिकेकडे नाहीत. वीज ‘हेस्कॉम’ या कंपनीकडे, बससेवा वायव्य कर्नाटक मार्ग परिवहन महामंडळाकडे, नव्या वसाहतींचे नियोजन नगरविकास प्राधिकरणाकडे आणि कायदा-सुव्यवस्था पोलीस आयुक्ताकडे आहे. घरात वीज नसल्यास एका कार्यालयाकडे, रस्त्यावर कचरा साचल्यास दुसऱ्याकडे जावे लागते. हे ठाऊक नसलेल्या नागरिकाचा अर्ज योग्य टेबलावर पोहोचण्यापूर्वीच कित्येक दिवस निघून जातात.

सीमेचा प्रश्न

जानेवारी २०२५ मध्ये कर्नाटकाच्या मंत्रिमंडळाने धारवाडासाठी वेगळी महानगरपालिका स्थापण्यास मान्यता दिली. आपल्या शहराकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही, ही धारवाडकरांची जुनी तक्रार यामागे होती. विभाजनाच्या वेळी कराचे उत्पन्न, कर्मचारी, कर्जे आणि पाण्याच्या सामाईक योजना यांची वाटणी करावी लागते. दोन्ही शहरांच्या गाभ्यातील रहिवाशास यामुळे फारसा फरक जाणवणार नाही. मधल्या वसाहतीतील माणसास मात्र सीमारेषा कोठून जाते, यावर कर कोठे भरावयाचा आणि गाऱ्हाणे कोठे मांडावयाचे, हे अवलंबून असते.

म्हणूनच आपल्या गावाची हद्द आणि कारभार यांची माहिती करून घेणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरते. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून आपल्या गावाचा एक नकाशा व एक तक्ता तयार करून घ्यावा. पाणी, वीज, रस्ता, दिवे, शाळा आणि दवाखाना या प्रत्येकासाठी कोण जबाबदार आहे, ते त्यात लिहावे. रिकामी राहिलेली जागा ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या कार्यालयात विचारून भरावी. शहराची हद्द ज्या गावांच्या वेशीपर्यंत आली आहे, तेथील ग्रामसभांनी तर हा तक्ता हद्दवाढीचा निर्णय होण्यापूर्वीच तयार ठेवणे हिताचे होय.