आलेल्या उपकरणाला नांव कोणीं द्यावें?



पुण्याच्या उत्तरेस सुमारें ८० किलोमीटरांवर, नाशिकच्या रस्त्यावरील नारायणगांवाजवळ, खोडद येथें ३० प्रचंड तबकड्यांची एक रेडिओ दुर्बीण आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानें उभारलेली ही दुर्बीण आपल्यापैकीं पुष्कळांनीं मुलांना बरोबर घेऊन पाहिली असेल. एकेका तबकडीचा व्यास ४५ मीटर. १४ तबकड्या मधल्या चौकांत, आणि उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन भुजांप्रमाणें दूरवर पसरलेल्या. परंतु आज मला आकाशाविषयीं बोलावयाचें नाहीं. त्या तबकड्यांच्या नांवांविषयीं बोलावयाचें आहे.

मधल्या चौकांतील तबकड्यांचीं नांवें सी-०० पासून सी-१४ पर्यंत आहेत. पूर्वेकडील भुजेवरच्या त्या ई, दक्षिणेकडील एस आणि पश्चिमेकडील डब्ल्यू. यादी ओळीनें वाचूं लागलें कीं प्रथम चूकच वाटते. कारण सी-०६ नंतर एकदम सी-०८ येते, पूर्वेची मोजणी ई-०२ पासून सुरू होते, आणि एस-०५ नांवाची तबकडी मुळीं नाहींच. पण म्हणून कोणी सी-०८ ला सी-०७ म्हणूं लागत नाहीं. नांव हें जागेचें आहे, हजेरीच्या क्रमाचें नव्हे. वीज जाऊन परत आल्यावर जी तबकडी आधीं जागी होईल तिला ‘पहिली’ म्हणावयाचें, अशी रीत जर तेथें असती, तर कोणत्या तबकडीनें कोणता संकेत टिपला याचा हिशेब एका रात्रींत बुडाला असता.

या दुर्बिणीचे संकेत एकत्र करण्यासाठीं लिनक्सवर चालणाऱ्या संगणकांचा जो समूह योजण्यांत आला, त्याचें वर्णन २०१० मध्यें प्रसिद्ध झालें आहे. आणि मौज अशी कीं, हीच लिनक्स कार्यप्रणाली, तिला तिच्या मनाप्रमाणें वागूं दिलें तर, जोडलेल्या उपकरणांना नांवें देतांना नेमकी उलट रीत पाळते. आधीं आला तो शून्य, मागून आला तो एक.

याचा परिणाम घरगुती उदाहरणानें पाहूं. समजा, कोथरूडमधील एखाद्या सोसायटीनें पाण्याची व्यवस्था एका जुन्या संगणकावर सोंपविली आहे. वरच्या टाकींतील पातळी सांगणारें एक बोर्ड, आणि पाणी चढविणारी मोटर सुरू-बंद करणारें दुसरें, अशीं दोन बोर्डें यूएसबीच्या दोन तारांनीं संगणकाला जोडलीं आहेत. संगणकानें त्यांना टीटीवाय-यूएसबी-० आणि टीटीवाय-यूएसबी-१ अशीं नांवें दिलीं. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या होतकरू तरुणानें शून्यावरून पातळी वाचावी आणि एकवर आज्ञा धाडावी, असें लिहून टाकलें. महिनाभर सारें सुरळीत चाललें. मग एका गुरुवारीं दुरुस्तीसाठीं वीज बंद झाली, सायंकाळीं परत आली, आणि या खेपेस मोटरचें बोर्ड क्षणभर आधीं ओळखलें गेलें. नांवांची अदलाबदल झाली. आतां ‘मोटर सुरू करा’ ही आज्ञा पातळी मोजणाऱ्या बोर्डाकडे जाते आणि त्याला ती कळत नाहीं. शुक्रवारीं सकाळीं साऱ्या इमारतीचे नळ कोरडे!

डिस्कांच्या बाबतींत हीच गोष्ट अधिक घातक आहे. एसडीए, एसडीबी हीं नांवेंही सांपडण्याच्या क्रमानेंच मिळतात. ‘एसडीबी पुसून तिजवर नवी प्रत काढा’ अशी आज्ञा रोज रात्रीं आपोआप चालावयाची व्यवस्था कोणी केली असेल, आणि एके दिवशीं एसडीबी या नांवाखालीं कुटुंबाच्या वीस वर्षांच्या छायाचित्रांची डिस्क येऊन बसली, तर यंत्र दिलेलें काम चोख बजावील.

यावर उपाय म्हणून लिनक्समध्यें नियम लिहिण्याची सोय आहे, आणि ते नियम वाचणाऱ्या कारभाऱ्याचें नांव यूडेव्ह. पूर्वीं ही व्यवस्था फार निराळी होती. डेव्ह नांवाच्या फोल्डरमध्यें, जोडलीं जाऊं शकतील अशा यच्चयावत् उपकरणांच्या नोंदी आगाऊच करून ठेवीत. २००३ मधील रेड हॅट ९ या आवृत्तींत अशा नोंदी १८,००० हून अधिक होत्या. घरांत माणसें चार आणि शिधापत्रिकेवर नांवें अठरा हजार, असा तो प्रकार होता. त्याच वर्षीं ओटावा येथील लिनक्स परिषदेंत ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनीं यूडेव्हची कल्पना मांडली, आणि २०१२ मध्यें यूडेव्ह हा सिस्टिमडी या मोठ्या प्रकल्पांत सामील झाला.

त्याचें काम असें चालतें. प्रणालीचा जो गाभा, ज्याला कर्नेल म्हणतात (पलटणींतील कर्नलशीं त्याचा संबंध नाहीं), त्याला नवें उपकरण आल्याचें प्रथम कळतें. तो त्या उपकरणाची माहिती, म्हणजे कारखानदाराचा क्रमांक, मालाचा क्रमांक, असल्यास अनुक्रमांक, कोणत्या खांचेंत तार बसली आहे तें ठिकाण, हें सारें सिस या फोल्डरमध्यें मांडतो आणि वर्दी देतो. ती वर्दी यूडेव्ह घेतो आणि आपल्याजवळील नियम एकामागून एक लावून पाहतो. नियमाच्या फाइली दोन मुख्य ठिकाणीं असतात. प्रणालीबरोबर आलेल्या एका ठिकाणीं, आणि आपण लिहिलेल्या ‘ईटीसी’ खालील यूडेव्हच्या फोल्डरमध्यें. वाचतांना मात्र ठिकाणाचा भेद न करितां फाइलींच्या नांवांच्या क्रमानेंच त्या वाचल्या जातात. म्हणून नांवाच्या आरंभीं ५०, ६०, ९० असे आंकडे घालण्याची प्रथा आहे. मागून वाचला जाणारा नियम आधींच्या नियमानें ठरविलेली गोष्ट बदलूं शकतो.

आतां प्रत्यक्ष नियम. नभोवाणीवरून ओळ दाखवितां येत नाहीं, तेव्हां ती उच्चारूनच सांगतों. प्रत्यक्षांत ती इंग्रजी अक्षरांत लिहावयाची असते:

सबसिस्टिम == "टीटीवाय", कर्नेल्स == "१-१.२", सिमलिंक += "टाकी"

अर्थ सरळ आहे. उपकरण टीटीवाय जातीचें असेल, आणि तें १-१.२ या खांचेंत बसलेलें असेल, तर त्याला ‘टाकी’ असें आणखी एक नांव द्यावें. दोन बरोबरचीं चिन्हें जेथें आहेत तेथें प्रश्न आहे. अधिक आणि बरोबर जेथें आहे तेथें आज्ञा आहे. नियमाचें सारें व्याकरण एवढेंच, आणि बहुतेक सारे घोंटाळेही येथेंच होतात. प्रश्नाच्या जागीं एकच बरोबरचें चिन्ह पडलें तर कांहीं शब्दांच्या बाबतींत यूडेव्ह ती ओळ नाकारतो, हें बरेंच म्हणावयाचें. परंतु कांहीं शब्दांच्या बाबतींत तो ती खरोखरची आज्ञा समजतो आणि ती किंमत उपकरणाच्या नोंदींत लिहावयास निघतो. उलट, सिमलिंकपुढें अधिक चिन्ह विसरलें तर आधींच्या नियमांनीं दिलेलीं उपनांवें पुसलीं जातात.

नवें नांव हें जुन्याच्या जोडीला येतें, त्याच्या जागीं नव्हे. टीटीवाय-यूएसबी-० हें कर्नेलनें दिलेलें नांव तसेंच राहतें. घरांत सारे ‘बाळ’ म्हणत असले तरी शाळेच्या पटावर नांव निराळेंच असतें, तसें हें आहे. आपला प्रोग्रॅम यापुढें फक्त ‘टाकी’ आणि ‘मोटर’ या नांवांनींच हांक मारील. कोण आधीं उठला याच्याशीं त्याला कर्तव्य नाहीं.

कोणी विचारील, खांच कशाला? बोर्डाचा अनुक्रमांकच कां पाहूं नये? अनुक्रमांक असेल तर तोच पाहावा; मग तार कोणत्याही खांचेंत घातली तरी चालतें. पण आपल्या उदाहरणांतील दोन्ही बोर्डांवर सीएच-३४० ही स्वस्त चिप आहे असें धरा, आणि या चिपेला बहुधा अनुक्रमांकच नसतो. कारखानदाराचा क्रमांक १ए८६, मालाचा ७५२३, हे दोन्ही बोर्डांचे अगदीं एकच. जुळ्या भावांना चेहऱ्यावरून ओळखतां येत नसेल तर ते कोणत्या बांकावर बसतात तें पाहावें लागतें. अर्थात् एखादा संगणक असाही निघतो कीं ज्यांत यूएसबीचे नियंत्रक एकाहून अधिक आहेत, आणि १-१.२ मधील पहिला १ च सरकतो. तेथें आयडी-पाथ या नांवानें मिळणारा पूर्ण पत्ता वापरावा.

आणखी एक अडचण नवशिक्याला हमखास छळते. प्रत्येक उपकरणाच्या वर त्याचे पूर्वज असतात. टीटीवायच्या वर चिपचा भाग, त्याच्या वर यूएसबीचें उपकरण, त्याच्या वर हब, अशी वंशावळ. कर्नेल्स, एटीटीआरएस यांसारखे अखेरीस एस असलेले शब्द या वंशावळींत वर चढत जाऊन शोध घेतात. परंतु एका नियमांतील असे सारे प्रश्न एकाच पूर्वजाला लागूं पडावे लागतात. एक गुण बापाचा आणि एक आजोबांचा घेऊन ओळ लिहिली, तर दोन्ही गोष्टी खऱ्या असूनही नियम लागत नाहीं, आणि यूडेव्ह त्याविषयीं अवाक्षरही काढीत नाहीं. माझ्या मतें या विषयावरील पुस्तकांनीं ही गोष्ट पहिल्या पानावर सांगावयास हवी.

नांवाइतकाच महत्त्वाचा प्रश्न अधिकाराचा. मोटरच्या बोर्डाला आज्ञा कोण देऊं शकतो? पुष्कळ ठिकाणीं अडचण आली कीं मोड हा शब्द लिहून त्यापुढें ०६६६ हा आंकडा ठोकून देतात, म्हणजे संगणकावर ज्याचें खातें आहे त्या प्रत्येकाला वाचण्याची व लिहिण्याची मुभा. अडचण तात्काळ नाहींशी होते, हें खरें. दाराला कुलूप न लावल्यासही किल्ली हरवण्याची अडचण राहत नाहीं. त्यापेक्षां ‘पाणी’ नांवाचा एक गट निर्माण करावा, ज्यांना अधिकार द्यावयाचा त्यांचींच नांवें त्यांत घालावीं, आणि मोटरच्या नियमांत गट ‘पाणी’, मोड ०६६० असें लिहावें. डेबियनसारख्या प्रणालींत अशा तारा मुळांत डायलआउट या गटाकडे दिलेल्या असतात आणि तो नियम ५० क्रमांकाच्या फाइलींत असतो. आपली फाइल ९० क्रमांकाची ठेवली म्हणजे आपला शब्द मागून येतो व टिकतो. संगणकासमोर प्रत्यक्ष बसलेल्या माणसासच अधिकार मिळावा अशी इच्छा असेल, तर युअ‍ॅक्सेस ही खूण लावण्याची निराळी सोय आहे. पण तो नियम ७३ क्रमांकाच्या फाइलीच्या आधीं वाचला गेला पाहिजे, नाहीं तर खूण लागूनही उपयोग होत नाहीं.

उपकरण येतांच एखादा प्रोग्रॅम सुरू करण्याची आज्ञाही नियमांत देतां येते. तिचा मोह आवरावा. यूडेव्ह हा वर्दी घेऊन पुढें जाणारा कारभारी आहे. दिवसभर चालणारें काम त्याच्या गळ्यांत बांधलें तर तो तें थोड्याच वेळांत मारून टाकतो. असें काम सिस्टिमडीकडे सोंपवावें आणि नियमानें फक्त त्याला खुणवावें.

खरें सांगावयाचें तर, पुष्कळांना नियम लिहिण्याची गरजच पडत नाहीं. यूडेव्हबरोबर आलेले नियम डिस्कांसाठीं आणि तारांसाठीं स्थिर नांवें आपण होऊनच करून ठेवतात. डिस्कच्या स्वतःच्या ओळखीवरून, तारेच्या अनुक्रमांकावरून, किंवा खांचेवरून. छायाचित्रांच्या डिस्कचें रक्षण करावयास तेवढें पुरेसें आहे. रात्रींच्या आज्ञेंत एसडीबी न लिहितां तें लांबलचक नांव लिहावें म्हणजे झालें. स्वतःचा नियम लिहावा तो जेव्हां सुटसुटीत नांव हवें असेल, किंवा गट बदलावयाचा असेल तेव्हां.

नियम लिहिण्यापूर्वीं यूडेव्हअ‍ॅडम या साधनाकडून उपकरणाची व त्याच्या पूर्वजांची सारी माहिती छापून घ्यावी आणि तिच्यांतूनच शब्द उचलावे. आठवणीवर विसंबूं नये. लिहून झाल्यावर त्याच साधनानें नियम पुन्हां वाचावयास लावावे आणि तार काढून परत खोंचावी. ‘टाकी’ हें नांव दिसूं लागलें कीं काम संपलें असें मात्र समजूं नये. मोटर बंद असतांना दोन्ही तारा काढाव्या, प्रथम मोटरची व मग टाकीची अशा क्रमानें आपापल्या खांचेंतच पुन्हां घालाव्या, आणि नांवें जागचीं हलत नाहींत हें पाहावें. मग संगणक बंद करून पुन्हां सुरू करावा आणि तीच तपासणी करावी; कारण खरी परीक्षा गुरुवारच्या वीजबंदीनंतर व्हावयाची आहे. राहतां राहिली एक गोष्ट, ती कोणत्याही नियमाच्या आवांक्यांतली नाहीं. साफसफाई करतांना कोणी दोन तारांच्या खांचाच बदलल्या, तर खांचेवर विश्वासून बसलेला यूडेव्ह फसेल. म्हणून संगणकाच्या मागील बाजूस त्या दोन खांचांशेजारीं चिकटपट्टीवर ‘टाकी’ आणि ‘मोटर’ असें शाईनें लिहून ठेवावें, आणि तारांच्या टोकांवरही.