पाच टक्क्यांची हमी

१६ एप्रिल १८५३ ही तारीख शाळकरी मुलांनाही पाठ असते. बोरीबंदर ते ठाणे, २१ मैल. तिच्या आधीची १७ ऑगस्ट १८४९ ही तारीख मात्र क्वचितच कोणाच्या तोंडी येते. त्या दिवशी लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनी आणि ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे, म्हणजे आपली जीआयपी, यांच्यात करार झाला. रेल्वे कोणाच्या पैशाने उभी राहणार आणि तोटा आला तर तो कोणाच्या माथी बसणार, हे त्या कागदावर ठरले. आपल्या रेल्वेचा इतिहास तिथूनच वाचायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

मुंबईत रेल्वे हवी म्हणून नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभाई १८४५ पासून खटपट करत होते. अडचण भांडवलाची होती. अनोळखी मुलखात, डोंगर फोडून लोहमार्ग टाकायला लंडनचा गुंतवणूकदार हमीशिवाय पैसा सोडायला तयार नव्हता. म्हणून कंपनी सरकारने हमी दिली: भांडवलावर दरसाल पाच टक्के व्याज, तेही ९९ वर्षे. जमीन फुकट. मिळकत कमी पडली तर तूट सरकारी तिजोरीतून भरायची. पाच टक्क्यांपेक्षा जास्त नफा झाला, तर त्यातला अर्धा सरकारने आधी भरलेल्या व्याजाच्या फेडीसाठी जायचा. धंदा परवडला नाही, तर सहा महिन्यांची नोटीस देऊन रेल्वे सरकारच्या हवाली करायची आणि गुंतवलेले भांडवल परत घ्यायचे, ही मुभाही कंपनीला होती.

देखरेखीसाठी सरकारी सल्लागार इंजिनिअर नेमलेले होते, संचालक मंडळावर सरकारचा माणूस होता. पण काम स्वस्तात आणि टिकाऊ करावे, असे कंपनीला मनापासून वाटायला लावणारे एकही कलम त्या करारात नव्हते. जास्त खर्च म्हणजे जास्त भांडवल आणि जास्त भांडवल म्हणजे जास्त हमीचे व्याज.

याचा परिणाम बोरघाटात दिसतो. कर्जत-खंडाळ्याची ही चढण सुमारे सोळा मैलांची, काही ठिकाणी दर ३७ फुटांमागे एक फूट चढणारी. पंचवीस बोगदे. मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांची आखणी आजही थक्क करते. पण बांधकाम ठेकेदार, पोटठेकेदार आणि मुकादम अशा उतरंडीतून खाली जात होते. १८५९ च्या आरंभी थकलेल्या मजुरीवरून घाटात दंगा झाला आणि ठेकेदार फेव्हिएल यांनी काम सोडले. त्यांच्या जागी आलेले सॉलोमन ट्रेडवेल थोड्याच दिवसांत वारले, तेव्हा त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी ठेका पुढे चालवला. भर हंगामात चाळीस हजारांहून अधिक मजूर तिथे राबत होते. पटकीने त्यातले किती तरी गेले.

१८६३ मध्ये घाट खुला झाला. १८६७ मध्ये याच घाटातला, इंग्रजी दप्तरात ‘माऊ-की-मली’ नावाने नोंदलेला दगडी पूल कोसळला. पूल उभा राहून जेमतेम चार वर्षे झाली होती. दगडकाम आणि चुना निकृष्ट असल्याचे चौकशीत निघाले. मिळकतीवर दुरुस्तीचा भार पडला, तरी भागधारकाचे पाच टक्के सुरक्षित होते. तुटीचा भार तिजोरीवर होता आणि ती तिजोरी मुख्यतः शेतसाऱ्यावर भरत होती. ज्या कुणब्याने आगगाडीत पाऊलही ठेवले नव्हते, तोही ही हमी फेडत होता. मला हा अन्यायच वाटतो.

१८६९ पर्यंत देशभरात हमीच्या रेल्वेवर सुमारे नऊ कोटी पौंड खर्ची पडले. मैलामागे आठ हजार पौंडांचा अंदाज प्रत्यक्षात अठरा हजारांच्या घरात गेला होता. हिंदुस्थान सरकारचे माजी अर्थसदस्य विल्यम मॅसी यांनी पुढे ब्रिटिश संसदीय समितीपुढे स्पष्ट सांगितले, की हमी असेपर्यंत आपला पैसा विटाचुन्यात गेला की हुगळीत बुडाला, याची लंडनच्या भांडवलदाराला फिकीर नव्हती. आपल्याकडे सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकातून लिहिणारे गणेश व्यंकटेश जोशी यांनी तर हा खर्च म्हणजे हिंदुस्थानने इंग्लंडच्या उद्योगांना दिलेले अनुदान आहे, असे म्हटले. जोशींची मांडणी आज अभ्यासक्रमात असायला हवी.

विनिमयाचे कलम आणखी जाचक ठरले. करारात रुपयाचा भाव एक शिलिंग दहा पेन्स बांधलेला होता. १८७० नंतर चांदी घसरली, बाजारात रुपया उतरत गेला आणि त्या फरकाचा तोटाही सरकारच्याच अंगावर आला.

१८६९ नंतर सरकारने स्वतः रेल्वे बांधायला घेतली. १९०० मध्ये जीआयपी विकत घेतली, पण चालवायला पुन्हा त्याच कंपनीकडे दिली. रेल्वे सरकारनेच चालवावी, असे सुचवणारा अ‍ॅकवर्थ समितीचा अहवाल १९२१ मध्ये आला आणि १ जुलै १९२५ रोजी कारभार सरकारच्या हाती आला. १९०० च्या खरेदीची किंमत मात्र एकरकमी द्यायची नव्हती. ती वार्षिक हप्त्यांत फेडायची होती. १८४९ च्या करारातली ९९ वर्षे जिथे संपतात, तिथपर्यंतच या हप्त्यांची मुदत ठरवली होती: १७ ऑगस्ट १९४८, स्वातंत्र्यानंतर एक वर्ष दोन दिवसांनी.