रिकामी बसलीस का?

सानगडीची माझी वहिनी सारवलेल्या अंगणाकडे आधी नुसती बघत बसते, मग रांगोळीचा पहिला ठिपका टाकते. तिला पाहिलं की वासुदेव गायतोंडे आठवतात. १९२४ मध्ये आपल्या नागपुरात जन्मलेले हे चित्रकार १९४८ मध्ये मुंबईच्या जे. जे.तून शिकून बाहेर पडले. पुढे माणसं, झाडं सोडून ते फक्त रंग आणि उजेड रंगवू लागले. कोऱ्या कॅनव्हाससमोर तासन् तास बसायचे. वर्षाकाठी चित्रं जेमतेम पाच-सहा! १९७१ मध्ये पद्मश्री मिळाली, २००१ मध्ये ते गेले. २०१३ च्या मुंबईतल्या लिलावात त्यांच्या एका चित्राला २३ कोटींहून जास्त किंमत आली. २०१५ मध्ये तर इटलीत, व्हेनिसला प्रदर्शन भरलं. मैत्रिणींनो, घरातली एखादी पोर कागदापुढे गप्प बसली, तर ‘रिकामी बसलीस का?’ म्हणून लगेच उठवू नका.