खुणा थोड्या, पण नेमक्या हव्यात

टंकलेखन यंत्रावर ठळक अक्षराची सोय नव्हती. महत्त्वाच्या शब्दाखाली रेघ ओढावयाची आणि मथळा मध्यभागी घ्यावयाचा, एवढ्या दोन युक्त्यांवर कचेऱ्यांनी वर्षानुवर्षे काम भागविले. छापखान्यातही मुद्रितशोधक समासात ठरावीक खुणा करी आणि जुळारी त्यांचा अर्थ न विचारता ओळखे. खुणा थोड्या होत्या आणि प्रत्येक खुणेला एकच अर्थ होता, हेच या व्यवस्थेचे बळ. संगणकावर अनेकांनी मिळून एकच मजकूर लिहावयाची वेळ आली, तेव्हा हाच प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. त्याचे उत्तर देताना झालेल्या चुका आजही असंख्य पानांना चिकटून आहेत.

कोणाही वाचकाला जागच्या जागी दुरुस्त करता येतील अशा पानांच्या संग्रहाला ‘विकी’ म्हणतात. अमेरिकन संगणकतज्ज्ञ वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ साली असा पहिला संग्रह सुरू केला. होनोलुलूच्या विमानतळावरील बसगाडीचे नाव त्यांनी त्याला दिले. हवाई बेटांच्या भाषेत त्या शब्दाचा अर्थ ‘झटपट’ असा आहे. त्या काळी संगणकजालावरचे पान लिहावयाचे तर एचटीएमएल ही टोकदार कंसांनी भरलेली संकेतभाषा शिकावी लागे. एखाद्या शिक्षकास सनावळीतील एक आकडा दुरुस्त करावयाचा असला, तरी त्या कंसांच्या जंगलातून वाट काढणे भाग होते. कनिंगहॅम यांनी हा अडसर दूर केला. रिकामी ओळ सोडली की नवा परिच्छेद. शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन एकेरी अवतरणचिन्हे दिली की तिरपे अक्षर, तीन-तीन दिली की ठळक. अशा खुणांनी लिहिलेला मजकूर संगणकाच्या मदतीवाचूनही डोळ्यांना वाचता येतो, हा त्यांचा मोठा गुण.

मात्र एका पानाचा दुवा दुसऱ्या पानाशी जोडण्यासाठी निवडलेली खूण रोमन लिपीतच शक्य होती. दोन इंग्रजी शब्द मोकळी जागा न सोडता जोडावयाचे आणि प्रत्येकाचे पहिले अक्षर मोठे ठेवावयाचे, की दुवा आपोआप तयार होई. विकिपीडियाने २००१ च्या जानेवारीत आरंभ केला तो याच पद्धतीने. पण ज्या विषयाचे नाव एकाच शब्दाचे, त्याचे मधले किंवा शेवटचे अक्षर उगीचच मोठे करावे लागू लागले. त्याच वर्षी ती पद्धत मागे पडून [[ ]] असे दुहेरी चौकटी कंस आले. मराठी विकिपीडिया निघाला २००३ मध्ये. देवनागरीत लहान-मोठ्या अक्षरांचा भेदच नाही. पहिली पद्धत टिकली असती, तर मराठीत दुवा देणेच अशक्य झाले असते. खूण ठरविणाऱ्याच्या मनात दुसऱ्याची लिपी नसली म्हणजे काय होते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

अवतरणचिन्हांची अडचण मात्र राहूनच गेली. फ्रेंच भाषेत शब्दाच्या पोटातच ते चिन्ह येते. ते चिन्ह आणि लागोपाठ तिरप्या अक्षराची दोन चिन्हे आली, की तीन चिन्हांचा अर्थ ‘ठळक’ असा होऊ पाहतो. मग लेखकाच्या मनात काय होते याचा अंदाज बांधणारे नियम कार्यक्रमात घालावे लागले. विकिपीडियाच्या खुणांचे काटेकोर व्याकरण आधी कोणी लिहिलेच नव्हते. कार्यक्रम जसा वागेल तेच व्याकरण, अशी स्थिती झाली. पाने अगणित झाल्यावर नियम बदलणे म्हणजे लिहिलेले सारे बिघडविणे, त्यामुळे चूक कळूनही सुधारता येईना.

दरम्यान विकी चालविणारे कार्यक्रम अनेक निघाले आणि प्रत्येकाच्या खुणा निराळ्या. २००६ साली डेन्मार्कमधील ओडेन्से येथे भरलेल्या विकी परिषदेत यावर विचार झाला. त्यातून ‘क्रिओल’ ही समान खूणपद्धती आकारास आली आणि २००७ च्या जुलैमध्ये तिची पहिली पक्की आवृत्ती निघाली. नवे काही न शोधता, निरनिराळ्या ठिकाणी रूढ असलेल्या खुणांतून सर्वांत परिचित तेवढ्याच घ्यावयाच्या, हे तिचे धोरण होते. ठळक अक्षरासाठी दोन तारका, तिरप्यासाठी दोन तिरक्या रेघा, मथळ्यासाठी बरोबरीची चिन्हे. तरीही संघर्ष टळला नाही. दोन तिरक्या रेघा जालावरच्या पत्त्यातही येतात, आणि ओळीच्या आरंभी दोन तारका आल्या तर ती यादीतील पोटबाब असू शकते. दोन्हींसाठी अपवाद लिहावे लागले. शिवाय विकिपीडियाने आपल्या जुन्याच खुणा कायम ठेवल्या.

२०१३ पासून विकिपीडियावर खुणा न दिसता लिहिण्याची सोय उपलब्ध झाली, तेव्हा आता खुणांची चर्चा कशाला, असा आक्षेप येईल. पण पान आतून साठविले जाते ते खुणांच्या मजकुरातच. कोणी कोणता शब्द बदलला हे जुन्या-नव्या आवृत्त्या शेजारी ठेवून पाहावयाचे, तेही त्याच मजकुरात. अनोळखी माणसांनी मिळून लिहिलेल्या ग्रंथावर विश्वास बसतो तो या तपासणीमुळे. खुणा दुर्बोध झाल्या, तर ही तपासणी मूठभर जाणकारांच्या हाती जाईल.

मराठी लेखकाची अडचण याहूनही साधी आहे. इन्स्क्रिप्ट कळफलकावर चौकटी कंसाच्या जागी ‘ड’, तिरक्या रेघेच्या जागी ‘य’, अवतरणचिन्हाच्या जागी ‘ट’ आणि तारकेच्या जागी ‘श्र’ बसविला आहे. म्हणजे एक दुवा देण्यासाठी इंग्रजी कळफलकावर जावे आणि परत यावे, किंवा पडद्यावरचे बटण शोधावे. विकिपीडियाच्या कार्यक्रमाने ‘वर्ग’, ‘चित्र’, ‘पुनर्निर्देशन’ हे मराठी शब्द स्वीकारले आहेत. खुणा मात्र जशाच्या तशाच आहेत.

यापुढे अशी पद्धत आखणाऱ्याने पहिले पान लिहिले जाण्यापूर्वीच तीन गोष्टी तपासाव्यात: खूण लिहिणाऱ्याच्या कळफलकावर आहे काय, तिला एकच अर्थ आहे काय, आणि कार्यक्रमावाचून मजकूर वाचता येतो काय. या तपासणीसाठी तज्ज्ञांखेरीज इतरांनाही बोलवावे. एका शाळामास्तराला आणि एका कारकुनाला आपापल्या भाषेत एक ओळ दुरुस्त करावयास सांगावे आणि त्यांचा हात कोठे अडखळतो ते पाहावे. त्या वेळी खूण बदलणे एका दिवसाचे काम असते. दहा वर्षांनी ते कोणाच्याच हाती राहत नाही.